धामकाठच्या सौद्यात गेलेली कीर्तनं

या हो मायबाप, असे जवळ सरकून बसा. मोबाईल खिशात टाका. आज देवाची नाही, देवाचं गाणाऱ्या माणसाची कथा सांगतो. गोड नाही, पण ऐका.

धाम नदीकाठच्या पवनारात मधुकररावांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. आंजी गावच्या कीर्तनकार अण्णाजींची कीर्तनं त्यांनी चित्रित केली, वर्ध्याच्या केबलवर दाखवली आणि दुकानाचं नशीब फळफळलं. बायामाणसं आंघोळ करून टीव्हीपुढे हात जोडून बसू लागली. जाहिराती आल्या. दुकानाची 'धामकाठ चित्र' कंपनी झाली. मग वऱ्हाडी मालिका, दोन सिनेमे, नागपुरात स्टुडिओ, मोबाईलवर अ‍ॅप. अण्णाजी मात्र नारळ आणि शेल्यावरच खूश. म्हणायचे, "लोकाईले ऐकू गेलं, भरून पावलो."

एवढी वाढलेली कंपनी मुंबईच्या एका बड्या कंपनीच्या डोळ्यांत भरली. सौदा झाला. त्यात जुनं सगळं चित्रणही गेलं. मधुकररावांनी हार्ड डिस्कच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई म्हणाल्या, "अवो, अण्णाजीच्या कीर्तनाची एक नक्कल राहू द्या ना घरी."

"विकलं म्हंजे विकलं. पोरगी देल्यावर तिले अर्धी घरी ठेवतं काय कोनी?"

"पोरगी सणाले माहेरी तरी येते!"

मधुकरराव हसले. दिलेल्या मालातला दाणा मागे ठेवायचा नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. घरच्या संगणकातली कीर्तनंही त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली. पाप नको म्हणून.

पुढच्या वर्षी अण्णाजींना घशाचा कॅन्सर झाला. जीव वाचला, आवाज गेला. त्यांच्या पत्नी देवकाबाई पवनारला आल्या. "भाऊ, यायले आपलंच एखांदं कीर्तन ऐकाचं हाये. टीव्हीकडे बोट दाखवून राह्यले सारखे. त्या अ‍ॅपवर आता काईच दिसत नाई. काऊन?"

मधुकररावांनी मुंबईला फोनावर फोन लावले. शेवटी एका मुलीनं फार अदबीनं सांगितलं, "सर, जे चालत नव्हतं ते काढलं. जागा लागते ना. मूळ चित्रणही पुसलंय."

आंजीला जाऊन हे तोंडानं सांगावं लागलं. अण्णाजी रागावले नाहीत. उठले, खुंटीवरच्या झांजा काढून मधुकररावांच्या हाती दिल्या आणि खूण केली: तू म्हण.

"तुमी तर समदी ऐकली," देवकाबाई म्हणाल्या. "तुमाले आठवन तसं म्हना. सूर नसला तरी चालते."

मधुकररावांनी तोंड उघडलं. अण्णाजींच्या चेहऱ्यावर उजेड कुठून घ्यायचा, ते आठवलं. लोक कुठे हसायचे, तेही आठवलं. वर्षानुवर्षं कानाला हेडफोन होता, पण लक्ष होतं आवाज फाटतो का याकडे. शब्द एक आठवेना.

"मी... मी पाह्यलं फक्त, अण्णाजी."

अण्णाजींनी हात पुढे करून झांजा परत घेतल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मायबाप, तुमच्यातलं कुणी अण्णाजींच्या कीर्तनाला मंडपात बसलं असेल आणि एखादी ओळ आठवत असेल, तर आंजीला जाऊन त्यांच्या कानाशी म्हणा. ओळ नसेल आठवत, तर देवापुढे हात जोडताना आंजीच्या अण्णाजींची आठवण काढा. एवढंच मागणं.