झाडावरचं डुक्कर

“अख्ख्या पाड्यात दुसऱ्या कोनाकडं बकरी नाय का? दोन गेल्या त्या माझ्याच, आता आमिषाला बांधली ती पन माझीच.” मनोरमाकाकी माझ्या गजांना नाक लावून पुटपुटत होती. आतली बकरी तिच्याकडे बघत उभी होती, जणू हेच तिलाही विचारायचं होतं.

मित्रांनो, मी वनखात्याचा एक जुना पिंजरा आहे. नालासोपाऱ्याच्या एका गाळ्यात माझे गज जोडले गेले. पहिला बिबट्या सापडला तेव्हा लोकांनी मला झेंडूचा हार घातला. आत त्या जनावराचा सुळा माझ्या गजावर तुटला. तो आवाज त्या गर्दीत बहुधा मला एकट्यालाच ऐकू आला. पुढे गंज चढला, दार कुरकुरू लागलं, आणि मला ऑफिसच्या मागे टाकून दिलं. तिथे कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. खरं सांगू? सगळ्या नोकरीत मला तेवढेच दिवस बरे गेले.

यंदा मला पुन्हा उचललं आणि फुलपाड्यामागच्या डोंगराच्या पायथ्याशी आणून ठेवलं. बिबट्याची एक मादी पाड्यातल्या बकऱ्या नेत होती. वनरक्षक सुहासिनीताईंनी आधीच बजावलं होतं, “तिला पिल्लं आहेत. ती पकडली गेली तर पिल्लं मागे उपाशी मरतील.” पाडा म्हणाला, ठेवा पिंजरा.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती मला दिसली. अर्धवाढ रानडुक्कर मानेला धरून, दमून थांबत थांबत, फरपटत आणत होती. मागून तरस आलं. तरसाला कधी घाई नसते. पंगतीच्या कडेला उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं ते थांबून राहिलं. ती फिसकारली. तरसाने आयाळ फुगवली, पुढे येऊन डुकराची एक मांडी तोडून घेतली. तिने भांडण वाढवलं नाही. लेकुरवाळीला पाय मोडून घेणं परवडत नाही. उरलेलं दातांत धरून ती समोरच्या ऐनाच्या झाडावर चढली, थोडं खाल्लं, बाकीचं फांदीच्या बेचक्यात अडकवलं आणि पिल्लांकडे गेली. तरसही मांडी घेऊन गेलं. दोघांचं भागलं. माझ्यातल्या बकरीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सकाळी मनोरमाकाकीचा मुलगा रमेश दोघातिघांना घेऊन आला. बांबूने ढोसून त्यांनी डुक्कर खाली पाडलं, कोयत्याने तोडलं, वाटे घातले. त्या दिवशी पाड्यात घराघरांतून मसाल्याचा वास येत होता. रानडुकराचं मटण म्हणजे गुन्हा, म्हणून त्या वासाबद्दल कोणी कोणाशी बोललं नाही.

अंधार पडताना ती परत आली. झाडावर चढली, बेचका हुंगला, उतरली. मग माझ्याकडे आली. माझ्याभोवती फिरली, एक पंजा माझ्या उंबऱ्यावर ठेवला, आणि मागे घेतला. मित्रांनो, इतका मी कधीच थकलो नव्हतो. दार पडायचं की नाही हे माझ्या हातात नसतं. तुम्ही मोठे झालात की मला हार घालू नका. मला रिकामा राहू द्या, कोंबड्यांपुरता.

सकाळी सुहासिनीताईंनी उंबऱ्याजवळचा ठसा पाहिला, झाडाच्या सालीवरचे ओरखडे आणि वाळलेलं रक्त पाहिलं. पाडा गोळा झाला होता.

“काल मागे फिरली, आज आत जाईल,” त्या म्हणाल्या. “पण झाडावर शिकार ठेवलेली असताना बकरीकडे आली कशाला? वरचं गेलं कुठे?”

“तरसानं नेलं असंल,” रमेश म्हणाला.

“तरसच. लय चोर जात,” मागून कोणीतरी म्हणालं.

सुहासिनीताई वर बेचक्याकडे बघत राहिल्या. पुढे बोलल्या असत्या तर सगळ्या पाड्यावर केस करावी लागली असती. त्यांनी वही पिशवीत ठेवली. कोणी खोकलं. कोणी बकरीला पाला घातला.

मनोरमाकाकी मात्र माझ्या गजाला धरून उठली.

“तरस झाडावर कधी चढलं रे, रमेश? आपन खाल्लं ते. मी पन दोनदा वाढून घेतलं. ताई, काय लिवायचं ते लिवा, पन हा पिंजरा उचला. तिच्या पोरांच्या तोंडचा घास आपन काढलाय.”