सत्तेचाळिसावं नाव

तुळजाबाई माझ्यामुळं गेली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बोलता बोलता मी कुठंतरी सटकीन. मला बोलून सटकायची सवय आहे. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, आणि आता लग्न असो, दहावा असो, पंचक्रोशीत माईक धरायला बाळासो मास्तरच लागतो.

चिंचमळ्याचा दवाखाना आम्ही लोकवर्गणीतून उभा केला. शिरूर गाठायचं तर पाऊण तास, दौंड त्याहून लांब. वाटेतच माणसं गेली होती आमची. म्हणून कुणी उसाच्या बिलातून दिलं, कुणी कांद्याच्या पट्टीतून, कुणी दुधाच्या पगारातून. आणि तुळजाबाईनं रस्त्याकडंची जागा दिली. विधवा बाई, एकुलता पोरगा विक्रम रांजणगावला कंपनीत. "माती काय संगं न्यायची हाय व्हय?" म्हणाली आणि अंगठा उठवून मोकळी झाली.

वर्ष झालं तसा देणगीदारांचा सत्कार ठरला. मांडव दवाखान्याच्या पटांगणातच. यादी केली कमिटीचे अध्यक्ष पोपटराव यांनी, आणि तुळजाबाईचं नाव टाकलं सत्तेचाळिसावं.

"अहो, जागा तिची आहे," मी म्हणालो.

"मास्तर, आमदारसाहेब येनार हायेत. त्यांची मानसं आधी नकोत का? बाई काय रुसती व्हय?"

मी यादी घडी करून ठेवली. यादी आपली नाही, आपण वाचणारे.

आता चिठ्ठ्यांचं सांगतो. आमच्याकडं कार्यक्रम म्हटलं की माईकवाल्याकडं चिठ्ठ्यांचा पाऊस. अमक्याचं नाव राहिलं, तमके आत्ताच आले, त्यांचं स्वागत करा. नाव नाही घेतलं तर माणूस वर्षभर बोलत नाही. त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत माझा एक खिसा भरला होता. पहिल्या दहा-बारा वाचल्या, मग वैताग आला. च्यायला, सत्कार करायचा का हजेरी घ्यायची? मग येईल ती चिठ्ठी न उघडता खिशात कोंबत राहिलो.

साडेअकराला स्टेजच्या कडेला सखूबाई आली. दवाखान्यात झाडलोट करणारी, पेशंटला धरून नेणारी मावशी. धापा टाकत होती. हातात चिठ्ठी. काहीतरी बोलली, पण नेमकी तेव्हाच साहेबांसाठी हलगी सुरू झाली होती. मला वाटलं, आता हिला पण नाव पाहिजे! मी चिठ्ठी घेतली, मान डोलावली आणि हातानं "जा, जा" केलं. ती वळली आणि पळतच गेली.

स्टेजवर साहेबांच्या शेजारी आमचे डॉक्टर सत्यजीत फेटा बांधून बसले होते. साहेब बोलताना फोन वाजता कामा नये, असं पोपटरावांनी त्यांना बजावलं होतं. फोन खिशात मुका पडला होता. दवाखान्यातून अनुपमा सिस्टर तो लावून लावून थकली होती.

सत्काराला यायचं म्हणून तुळजाबाई सकाळची कामं उरकत होती. कांदाचाळीतला साठवलेला कांदा काढताना हाताला नाग डसला. शेजाऱ्यानं गाडीवर मागं बसवून दवाखान्यात आणली. औषध कपाटात होतं, पण डॉक्टरांशिवाय ते चालू करायची सिस्टरला परवानगी नव्हती. आणि डॉक्टर चाळीस पावलांवर शाल घेऊन बसलेले. चिठ्ठी गेली आहे, आता येतीलच, म्हणून सिस्टर आणि शेजारी तिला धरून बसले होते.

बाराच्या सुमाराला मी सत्तेचाळिसावं नाव पुकारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणालो, "तुळजाबाई अजून लुगडं नेसतायत वाटतं!" सगळा मांडव हसला. मी पण हसलो. मग अठ्ठेचाळिसावं नाव घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टर आत गेले, तोवर सगळं उरकलं होतं.

घरी येऊन खिसे रिकामे केले तेव्हा ती चिठ्ठी सापडली. "डॉक्टरांना ताबडतोब पाठवा. तुळजाबाईंना नाग चावला आहे. अनुपमा सिस्टर." मी खाटेवर बसलो आणि कितीतरी वेळ तेवढ्याच तीन ओळी वाचत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. पोपटरावांनी सखूबाईला उभं केलं. "चिठ्ठी कुनाला दिली?"

"मास्तरांच्या हातात दिली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी, पोरांना खरं बोलायला शिकवणारा माणूस, म्हणालो, "माझ्यापर्यंत काही आलं नाही."

झालं. सखूबाई जेवणाच्या पंगतीत बसली होती, चिठ्ठी हरवली आणि आता मास्तरांवर ढकलते, असं ठरलं. तिचं काम गेलं. विक्रम भर चौकात तिला नाही नाही ते बोलला. ती ओरडून सांगत होती, "दिली मी, देवाशपथ दिली!" कोण ऐकतो?

दहाव्याला नदीवर सगळं गाव जमलं. श्रद्धांजलीचा माईक अर्थात माझ्याकडं. विक्रम जवळ आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.

"मास्तर, तुमचे उपकार हायेत. सिस्टर सांगत हुती, आईला समदं ऐकू येत हुतं. तुम्ही नाव पुकारलं तशी उठाया बघत हुती. पापन्या उघडत न्हवत्या, जीभ जड झाल्ती, तरी म्हनली, मला बोलावत्यात. शेवटाला आईच्या कानावर मानाचं बोल पडलं. तेवढं तुमच्यामुळं."

लुगड्याचं बोललो ते पण ऐकलं असणार तिनं. मांडव हसला ते पण. मी माईकवर गेलो आणि आधी खिशातली ती चिठ्ठी काढून वाचून दाखवली, सिस्टरच्या नावासकट. मग म्हणालो, "सखूबाईनं ही माझ्या हातात दिली होती. मी उघडली नाही. आणि कमिटीत खोटं बोललो."

पोपटराव पुटपुटले, "मास्तर, आता ह्ये कशाला?"

विक्रमनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या मागं, बायकांपासून वेगळी, सखूबाई एकटी बसली होती. तिच्यापाशी जाऊन त्यानं तिचे पाय धरले.

"ऊठ बाबा," ती म्हणाली. "चुकलं माझंच. मास्तरांनी मान हलीवली, मला वाटलं सांगत्याल. मोठी मानसं बसल्याली, म्हनून मी वराडले न्हाई. स्टेजवर चढून बोंब मारायला पायजे हुती. तुम्ही समद्यांनी मला धरून भाईर काढली असती, पर डागदर उठला असता."