मे महिन्यातला दमटपणा

आमचे टीम लीडर केशव सर. त्यांना हळू बोलणं जमत नाही. सकाळी आल्या आल्या अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "काहून वं मेघा, लोकं गच्चीवर पापड वाळवून राहिले, अन् तुझी स्क्रिप्ट म्हणते हवा दमट आहे?"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या सर्व्हरवर आम्ही इथून, मिहानमधल्या ऑफिसातून, नजर ठेवतो. पेशंटचे सगळे रिपोर्ट त्या सर्व्हरवर. तिथल्या खोलीतला दमटपणा तपासणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मी लिहिलेली, माझी पहिलीच. कालपासून ती सारखी अलार्म देत होती.

"जेवणापर्यंत दुरुस्त कर, नाही तर काढून टाकतो," सर म्हणाले. म्हणजे मी परत दुसऱ्यांच्या स्क्रिप्टमधल्या चुका निस्तरत बसायचं. ते मला मुळीच नको होतं.

कॉन्फिगरेशनची फाइल उघडली. अलार्मची मर्यादा बरोबर, सेन्सरचा पत्ता बरोबर. एखादी ओळ जराशी सरकली तरी हे सॉफ्टवेअर रुसून बसतं, म्हणून ओळ न् ओळ पाहिली. चूक सापडेना. खरं तर सापडली असती तर बरं वाटलं असतं. मे महिन्यात नागपुरात दमट हवा, हे मलाही पटत नव्हतं.

मग कालचे आकडे काढले. बिघडलेला सेन्सर कशाही उड्या मारतो. हा आकडा मात्र दुपारनंतर सावकाश चढत गेला होता.

"सर, मी जाऊन पाहून येते."

"या उन्हात? जा बाई. खिशात कांदा ठेवजो, ऊन नाही लागत."

तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर निघाले. सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं आणि वाळ्याचा वास आला. बंद खोलीत, सर्व्हरच्या पुढ्यात, कूलर घरघरत होता. सफाईचं काम बघणाऱ्या कौसल्याबाई त्यात बादलीनं पाणी ओतत होत्या. तुषार उडून सर्व्हरच्या कपाटाची जाळी ओली झाली होती.

मी आधी कूलर बंद केला.

"काल दुपारी एसी बंद पडला ना ताई," बाई घाबरून म्हणाल्या. "मशिनी तापून राहिल्या होत्या. तुमच्या केशव सरले फोन केला, त ते म्हणाले कूलर लावून द्या."

"तुमची काही चूक नाही बाई."

दार उघडंच ठेवलं, साधा पंखा लावला, एसीवाल्याला बोलावलं. मग सरांना फोन केला. माझी स्क्रिप्ट खरी ठरल्याचा इतका आनंद झाला होता की आवाज साधा ठेवणं जड गेलं.

सर म्हणाले, "मी त गरमीचाच विचार केला वं. घरी असंच करतो ना आपण."

"मग स्क्रिप्ट?"

"राहू दे. अन् तिचा अलार्म पहिले माझ्या फोनवर येऊ दे. केशवनं कुठं कूलर लावला, ते केशवले समजलं पाहिजे."

हेही ते अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असंच म्हणाले. फोनमधून मला सगळ्यांचं हसणं ऐकू आलं. या वेळी ते माझ्यावर हसत नव्हते.