मुदतवहीतली खोडलेली तारीख

मी मुदतवही बोलतेय. बँकेत माझ्या शेजारी ठेवींची जाडजूड खातेवही असायची. मान सगळा तिला. पण बँकेने कोणती हुंडी, कोणतं ट्रेझरी बिल केवढ्याला घेतलं आणि त्याचे पैसे नेमके कोणत्या तारखेला हाती येणार, हे फक्त मला माहीत. तारखेच्या बाबतीत मी फार तापट आहे.

मद्रासच्या बांधणीवाल्याने मला शिवलं आणि मी कुंभकोणच्या मोठ्या बाजारातल्या एका लहान बँकेत आले. माझ्यात लिहायचे मुकुंदराव. त्यांच्या पूर्वजांनी तंजावरच्या दरबारात मोडीत दफ्तरं लिहिली होती. हे इंग्रजीत लिहायचे, घरी मराठी बोलायचे, बाहेर तमिळ. अक्षर असं की मला माझाच हेवा वाटावा.

एकोणीसशे अडतीसच्या मार्चमध्ये त्यांची आई गेली. तेरावं उरकून ते कामावर आले, तेव्हा मद्रासहून घेतलेली चाळीस हजारांची सरकारी ट्रेझरी बिलं नोंदायची होती. तारीख एकोणतीस मार्च, मंगळवार. मुदत एक्याण्णव दिवस. मुकुंदरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून दिवस मोजले आणि माझ्यात लिहिलं, सत्तावीस जून.

मंगळवारचा कागद तेरा आठवड्यांनी मंगळवारीच पिकणार, म्हणजे त्याची मुदत भरणार, आणि सत्तावीसला तर सोमवार! तपासनिसानेही न बघता सही ठोकली. मी सांगणार कुणाला?

जूनमध्ये दूरची एक मोठी बँक बंद पडली आणि आमच्या दारात झुंबड उडाली. मेलकावेरीपासून चोळपुरम्पर्यंतचे लोक पासबुकं घेऊन आले. शनिवारी तिजोरीचा तळ दिसू लागला. मॅनेजर राजगोपाल अय्यंगारांनी मला उघडून पाहिलं आणि पायरीवर उभं राहून शब्द दिला: सोमवारी मद्रासहून चाळीस हजार येतील, सगळ्यांचे पैसे मिळतील.

सोमवारी रोखपाल मुद्दाम सुट्या रुपयांत पैसे देत होता. एकेक नाणं वाजवून बघायचा, तेवढाच वेळ जावा म्हणून. बारा वाजता मद्रासची तार आली. बिलं उद्या पिकतात, पैसे उद्या.

मुकुंदरावांनी पुन्हा दिवस मोजले. त्यांच्या बोटाचा घाम माझ्या पानाला लागला.

अय्यंगारांनी आपल्या खोलीचं दार लावलं. ते हळू आवाजात म्हणाले की चाकूने तारीख खरवडा, अठ्ठावीस लिहा. वहीत चूक दिसणार नाही, आणि मद्रासवाल्यांनी उशीर केला असं आपण लोकांना सांगू. नाहीतर संध्याकाळी बँकही जाईल आणि तुमची नोकरीही. चाकूचं पातं माझ्या पानाला टेकलं. खरं सांगते, मी भ्याले होते.

मुकुंदरावांनी चाकू बाजूला ठेवला. सत्तावीसवर एक रेघ मारली, वर अठ्ठावीस लिहिलं आणि शेजारी सही केली. मग मला काखेत धरून ते पायरीवर गेले.

रांगेत पहिल्या होत्या मेलकावेरीच्या गंगाबाई. अप्पळम म्हणजे पापड लाटून त्यांनी नातीच्या लग्नासाठी साडेतीनशे रुपये साठवले होते. लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

"अक्का, पैसे उद्या येतील," मुकुंदराव म्हणाले. "मद्रासची चूक नाहीं. मींच दिवस मोजताना चुकलों."

"तूं? कसा चुकलास?"

"आई गेली तो दिवस धरूनच दहा दिवस मोजतों की नाहीं, तसाच मोजलों. बिल घेतलेला दिवस पहिला धरलों."

नवरा गेल्यावर गंगाबाईंनीही दिवस असेच मोजले होते. मागून लोक तमिळमध्ये ओरडत होते, काय म्हणतोय तो? गंगाबाईंनी वळून त्यांना तमिळमध्येच सगळं समजावलं. असे दिवस न मोजलेलं घर त्या गर्दीत क्वचितच असेल. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या, एका व्यापाऱ्याने दारावर काठी आपटली.

"मीं उद्या येतें," म्हणत गंगाबाईंनी पिशवी उचलली. "थापच मारायची असती तर ही चूक कशाला सांगटला असता?"

त्यांच्यामागे बरेच जण निघाले, पण सगळे नाही. बँक बंद होताना तिजोरीत एक्केचाळीस रुपये होते.

मंगळवारी पैसे आले. गंगाबाईंना सगळ्यांत आधी मिळाले. गर्दी दोन दिवसांत ओसरली, बँक वाचली.

शुक्रवारी संचालकांची बैठक भरली आणि चुकीच्या नोंदीबद्दल मुकुंदरावांना काढून टाकलं. पुरावा म्हणून मलाच टेबलावर उघडलं होतं. खरवडलं असतं तर कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

आता युद्ध चालू आहे आणि मी मागच्या खोलीत झुरळांच्या संगतीत पडून आहे. परवा कुणी एक गृहस्थ आले. कोणत्या बँकेकडे थोड्या मुदतीचे कागद केव्हा, किती होते, याचे जुने आकडे ते गोळा करतात. माझ्यातून त्यांनी चाळीस हजार उतरवले, अठ्ठावीस जून उतरवला आणि पान उलटलं.

बाबांनो, आकडे हवे तेवढे न्या. पण त्या पानावर आलात की खोडलेली तारीखही लिहून घ्या, आणि तिच्या शेजारची सही. त्या सहीपायी एका माणसाची नोकरी गेली आणि गंगाबाईंच्या नातीचं लग्न ठरल्या दिवशी झालं.