बाबांची टाच

गाडी बंद पडते हे आज कंपनीच्या इंजिनिअरला दिसलं, तर गाडी बदलून मिळणार होती किंवा पैसे परत. नाही दिसलं, तर तक्रार बंद. मग उद्या सकाळी आईला डायलिसिसला याच गाडीतून मला न्यावं लागणार होतं.

मागच्या आठवड्यात ही नवीकोरी गाडी माझ्या हातात भर चौकात बंद पडली. ब्रेक दगडासारखा झाला. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "होईल गं सुरू." मला मात्र रडू फुटलं.

बाबांचं पालुपद एकच. "माझ्या हातात एकदाही बंद पडली नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!" जन्मभर बस चालवलेला माणूस, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? शोरूमवाल्यांना तर आयतंच कोलीत मिळालं.

गाडी बाबांच्या नावावर, म्हणून चाचणीला तेच चालवायला बसले. शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन इंजिनिअर, मागे मी. एक सिग्नल झाला, दुसरा झाला, गाडी आपली सुरळीत. एरवी माझा जीव खाणारी ही बया परक्यासमोर काय गुणी वागते! बंद पड गं बाई, असं मी चक्क पुटपुटत होते.

"गाडी ठणठणीत आहे," इंजिनिअर लॅपटॉप मिटत म्हणाला. "चला, परत फिरू."

"मी तेच सांगतोय," बाबा म्हणाले.

मी चिडून दोन सीटच्या मधून पुढे वाकले. समोर सिग्नल लाल झाला. बाबांनी ब्रेक दाबला तसं इंजिन आचके देऊ लागलं, आणि त्यांची टाच आपसूक वळून अ‍ॅक्सिलरेटरवर टेकली. पंजा ब्रेकवर, टाच तिकडे. इंजिन सावरलं. जुन्या खटारा बस सिग्नलला जिवंत ठेवायची ती सवय. त्यांच्या गावीही नव्हतं.

"बाबा, टाच काढा."

"कुठली टाच?"

"उजवी! बघा ना खाली!"

त्यांनी पाहिलं आणि पाय झटकन मागे घेतला. "मी मुद्दाम नाही..." एवढंच म्हणाले. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. पुढच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला, टाच या वेळी जागेवर ठेवून. इंजिन गपकन मेलं. स्टिअरिंग ताठरलं. गाडी रस्त्यात आडवी राहिली आणि समोरून येणारा ट्रक किंचाळत, आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

बाबांचा हात किल्लीकडे गेला.

"राहू द्या काका, सुरू करू नका," इंजिनिअरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आधी उतरा सगळे."

फुटपाथवर आल्यावर त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला. "रिपोर्टमध्ये दोष लिहितो मी. काका, दुसरी गाडी हवी की पैसे परत?"

बाबा आडव्या गाडीच्या मागच्या सीटकडे बघत होते. आईच्या जागेकडे.

"हिला विचारा," ते म्हणाले. "पोर जीव तोडून सांगत होती, आणि मी हसत होतो."