सेल काढलेली बेल

आज सकाळी सात वाजता मी दोनदा वाजले. माझं बटण तेव्हा पलंगाशेजारच्या खणात होतं आणि खण बंद होता.

मित्रांनो, मी एक जुनी बिनतारी बेल आहे. कारखान्यातून एका खोक्यात आले, सोबत माझं बटण. बटण माणसाच्या हाती असतं, मी दूर भिंतीवर असते. दाबणारा मला दिसत नाही. वाजले म्हणजे कुणीतरी दाबलं असणार, एवढीच माझी श्रद्धा.

मला या घरात आणलं ते एका म्हाताऱ्यासाठी. जन्मभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या, मग त्याचेच पाय गेले. बटण त्याच्या उशाशी आणि मी स्वयंपाकघरात, त्याच्या बायकोच्या डोक्यावर. पाणी हवं, कूस बदलायची, की मी वाजायची. आईला मोठा आधार झाला, असं त्यांची लेक घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. मधलं दार उघडं असे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

म्हाताऱ्याचा देवावर विश्वास नव्हता. इतकी माणसं वर पोचवली, पण वर गच्ची आणि पाण्याची टाकी याखेरीज काही सापडलं नाही, असं तो म्हणे. बायको मात्र रोज सकाळी स्वयंपाकघरात डोळे मिटून प्रार्थनेला बसे. नेमका तेव्हाच तो बटण दाबी. ती धावत गेली की म्हणे, "मी दाबलं की तू येतेस. तुझा देव येतो का?"

"तुमच्यासारखं ऊठसूट दाबलं, तर तोही कानात बोळे घालून बसेल."

एकदा त्याने करारच केला. मेल्यावर पलीकडे काही असलं तर तो दोनदा बेल वाजवणार. नसलं तर उगाच त्रास देणार नाही.

"आणि एकदाच वाजली तर?" तिने विचारलं.

"तर चहा टाक."

मग एका सकाळी ती प्रार्थनेला बसली आणि मी वाजले. ती परत येऊन बसली, मी पुन्हा वाजले. तिसऱ्यांदा वाजले, तेव्हाही त्याला नुसती थट्टाच करायची होती. तेव्हा तिने माझे सेल काढून ओट्यावर ठेवले, प्रार्थना पूर्ण केली, सेल परत घातले आणि चहा घेऊन आत गेली. तो गेलेला होता. बटण त्याच्या मुठीत होतं.

त्याने ते दाबलं होतं का, मला सांगता येत नाही. सेल नसले की मी नसते. तेव्हा काय होतं, असं विचाराल तर काहीच नव्हतं. अंधारसुद्धा नव्हता.

त्या दिवशी ती रडली नाही. पुढे प्रार्थनेलाही बसली नाही. माझ्यावर धूळ साचली आहे, ती कुणी पुसत नाही. सेल मात्र ती संपायच्या आधीच बदलते. लेक मला काढायला निघाली, तेव्हा तिने फक्त "राहू दे" म्हटलं.

आज मी वाजले, तेव्हा ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. लेकीने खण उघडून बटण पाहिलं, परत ठेवलं. समोरच्या घरात काल नवी बेल बसली आहे. एकाच बनावटीच्या असल्या, की त्यांचं बटण दाबल्यावर आपली वाजते, असं तिने समजावलं. जाऊन विचारून येते, म्हणाली.

"त्यांचीच असली तर बरं," आई म्हणाली.

"म्हणजे? तू तर वाट बघत होतीस."

"पलीकडे काही असलं, तर तुझ्या बाबांना कळलं असेल गं. मी सेल काढले होते."

लेक चपला घालून गेली.

मित्रांनो, बेलचे सेल काढू नका. प्रार्थना अर्धी राहिली तर देव रागावतो की नाही, मला माहीत नाही. अर्ध्या राहिलेल्या हाकेचं काय होतं, ते या स्वयंपाकघरात रोज दिसतं.

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला आहे. आई ओल्या हातांनी माझ्याखाली उभी आहे. लेक अजून परतलेली नाही.