चिंधीला आलेलं स्थळ

मी होते तिथेच राहिले असते, तर त्यात कुसुमताईंचा फायदा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मित्रांनो, सिल्वासाच्या आमली भागातल्या मांजरांच्या निवाऱ्यात दोन दिवाळ्या काढलेली मी एक तीनरंगी मांजर. पांढऱ्यावर काळे-तांबूस तुकडे जोडल्यासारखे दिसतात, म्हणून तिथे झाडलोट करणाऱ्या तानूबाईंनी माझं नाव चिंधी ठेवलं. डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे, ती नसबंदीच्या ऑपरेशनची खूण. बाकी माल चोख.

निवारा कुसुमताईंचा. त्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या रत्नागिरीकडच्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडला जाळी मारून त्यांनी आमची सोय केली. नवीन मांजर आलं की ते कोपऱ्यात जमिनीला चिकटतं, फिस्कारतं, खात नाही. अशा वेळी त्याच्या शेजारी कुणीतरी खाली, गप्प बसून राहावं लागतं. एक दिवस, कधी दोन दिवस. पण कुसुमताईंचे गुडघे गेलेले. त्या खाली बसल्या तर उठवायला तानूबाई लागत. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी नवीन पाहुण्याकडे पाठ करून बसायचे, जणू मला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. दुसऱ्या दिवशी तो खायला लागायचा. पंधरा दिवसांत त्याला कुणीतरी दत्तक घेऊन जायचं. मी तिथेच.

फाटकावरचं स्वागतही माझ्याचकडे. येणाऱ्याच्या पायांत घुटमळायचं, डोकं घासायचं, की माणूस विरघळलाच. मग तो आत जायचा आणि पिल्लू घेऊन बाहेर पडायचा. दुकानाबाहेर टांगलेल्या साडीसारखी माझी गत होती. हात सगळे लावतात, नेतात मात्र आतली.

माझा जन्म दादऱ्याचा, धाग्याच्या कारखान्यामागे टाकलेल्या, धागा गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या कोनांच्या ढिगातला. तिथून भटकत मी सिल्वासाच्या सरकारी क्वार्टर्समध्ये पोचले. वैशालीबाईंनी मला दुधावर आणि कौतुकावर वाढवलं. "आमची मनी किती शहाणी," असं त्या शेजारणींना सांगत. मग साहेबांची दीवला बदली झाली. ट्रकमध्ये फ्रिज चढला, कूलर चढला, तुळशीची कुंडी तर बाईंनी मांडीवर घेतली. मला 'आठ दिवसांसाठी' कुसुमताईंकडे ठेवलं. ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

तेव्हापासून माझ्या पायांना स्वस्थता नव्हती. जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पावलं. वळायचं, पुन्हा अकरा. रस्त्यावर गाडी थांबली की कान उभे. खाताना अर्धं लक्ष फाटकाकडे. डोळा लागला तरी शेपटी जागी.

अशात सुकदेव आला. तो शिरपूरकडचा, इथे धाग्याच्या कारखान्यात कामाला. एका दुपारी फाटकाशी थांबला, मी माझं रोजचं काम केलं, आणि तो विरघळला. पण हा आतली पिल्लं बघायला गेलाच नाही. उकिडवा बसून माझ्याशीच बोलत राहिला. त्याच्या केसांत धाग्याचा पांढरा भुरा होता आणि अंगाला माझ्या जन्मघराचा वास. पुढच्या आठवड्यात तो सकाळी येऊ लागला, त्याच्या पुढच्या आठवड्यात संध्याकाळी. पाळी बदलेल तशी त्याची वेळ बदलायची, येणं चुकत नव्हतं.

"ताई, स्थळ आलंय," तानूबाई म्हणाल्या. "पोरीला पसंत दिसतंय."

कुसुमताईंनी फॉर्म काढला. "घरात माणसं किती?"

सुकदेवचं पेन अडलं. "एकच. मी."

तो खोटं बोलत होता, मित्रांनो. मला ते नाकाने कळलं. त्याच्या शर्टावर सहा माणसांचे वास होते. एकाचं खोबरेल, एकाची तंबाखू, एकाचे सुके बोंबील, झालंच तर एकाचा पाय मुरगळल्यावर चोळायचा मलम. नंतर कळलं की चाळीचा शेठ एका खोलीत तिघांच्या वर राहू देत नाही. ही मंडळी होती सहा. तेव्हा बाकीच्यांचा पत्ता लागू नये म्हणून, कागद दिसला की फक्त स्वतःला मोजून 'एक' लिहायची त्यांच्या हाताला सवयच लागली होती.

"एकटे राहता, बारा-बारा तास कामावर असता," कुसुमताई म्हणाल्या. "हिने कोंडून काय करायचं? नाही जमायचं. शिवाय हिला औषध चालू आहे."

मला कसलंही औषध चालू नव्हतं.

सुकदेवने माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि गेला. एक खोटं त्याचं, एक ताईंचं. दोन्ही माझ्या नावावर.

तानूबाई झाडू आपटत म्हणाल्या, "औषध कसलं, ताई?"

"तू झाड."

"झाडते. पण घरात कामाला बरी म्हणून पोरीची स्थळं परतवणारी आई मी आमच्या गल्लीतच बघितलीय."

पुढचे दहा दिवस मी नुसती चालत होते. अकरा पावलं, वळण, अकरा पावलं. ताटली तशीच. एक काळं पिल्लू नवीन आलं, कोपऱ्यात थरथरत बसलं. मी त्याच्याकडे गेले नाही. कुसुमताई जाळीबाहेर खुर्चीत बसून कधी त्याच्याकडे बघत, कधी माझ्याकडे.

अकराव्या दिवशी चारच्या सुमाराला फाटक वाजलं. सुकदेव होता, आणि त्याच्यामागे आणखी तिघं. एकाच्या केसांत ताजा भुरा, दोघांचे डोळे झोपेने सुजलेले.

"ताई, फारम परत द्या," सुकदेव म्हणाला. "चुकीचं लिहिलं मी."

"काय चुकीचं?"

"माणसं. सहा आहेत. चार आम्ही, दोन आत्ता पाळीवर गेले. आमचं तसंच चालतं. दोघं कामावर, दोघं झोपलेले, दोघं स्टोव्हजवळ. खोलीले कुलूपच लागत नाही, तर ही कोंडून कशी राहील?"

"आणि तुमचा शेठ? मांजर ठेवायला त्याची परवानगी लागेल."

सुकदेवने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "शेठची सही. सही पाहिजे म्हणजे खरं सांगणं आलं. सांगितलं. तो ओरडला, मग तिघांना समोरची खोली घ्यायला लावली. दार दारासमोर आहे. हिच्यासाठी एकच घर."

"त्या खोलीच्या भाड्यात माझा नवा मोबाईल गेला," मागून निलेश म्हणाला. तो सुकदेवच्याच पाळीतला. "पण द्या तिला, ताई. हा झोपेत चिंधी-चिंधी करतो. शेजारी माझं अंथरूण आहे. आधी मला वाटलं, पोरगी आहे."

तानूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. कुसुमताई हसल्या नाहीत. त्यांनी मला उचललं, कानाच्या कापलेल्या टोकावर बोट फिरवलं.

"चुकीचं मीही सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "हिला औषध नाही. हिला बोंबील लागतात."

अशी मी त्या चाळीत आले. इकडून तिकडे नऊ पावलं. स्वस्थ बसते असं नाही. सवय जाते कुठे? पाळी सुटायची वेळ झाली की मी दाराशी येरझाऱ्या घालतेच. फरक एवढाच, की इथून गेलेली माणसं आठ-दहा तासांनी परत येतात. मी मोजून खात्री केली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही बदलीचा कागद येईल तेव्हा ट्रकमध्ये काय काय चढलं ते मोजा आणि काय राहिलं तेही मोजा. निवाऱ्यात गेलात, तर फाटकाशी जी मांजर पायांत घुटमळते, तिला ओलांडून आत जाऊ नका. ती तुमचीच वाट बघत असते, फक्त हसऱ्या तोंडाने.

आता शेवटचा हिशेब. मला सहा जणांच्या मांड्या मिळाल्या, सुकदेवला झोप, शेठला दुसऱ्या खोलीचं भाडं. निलेशचा जुनाच मोबाईल फुटक्या काचेनिशी चालतो आहे. पण खरी किंमत कुणी भरली ते मला तानूबाईंकडून कळलं. त्या पलीकडच्या गल्लीत राहतात, जाता-येता दाराशी टेकतात. ते काळं पिल्लू मी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी खायला लागलं, म्हणाल्या. त्याच्याशेजारी कुसुमताई स्वतः बसल्या होत्या. खाली, जमिनीवर, पाठ करून, दोन दिवस. उठवताना दोन्ही गुडघे कडाकडा वाजले.